आवाज पुढच्या अपडेटमध्ये

“चित्र येतं, आवाज येत नाही,” चेतन म्हणाला.

वाल्मिकने गाडीतली केबल काढून लॅपटॉप बंद केला. तो सर्व्हिस सेंटरचा माणूस. चेतनच्याच गावाकडचा, शिरपूर भागातला, म्हणून रविवारी सकाळी घरी आला होता.

“चित्र तरी आलं ना, चेतनभाऊ? मागच्या आठवड्यात तेही नव्हतं. आवाज पुढच्या अपडेटमध्ये.”

“एवढी महागाची गाडी, आणि मुकी?”

“मुकी कशी? अठरा स्पीकर आहेत. फक्त आतल्या कॅमेऱ्याचा आवाज मोबाइलवर पोचत नाही.”

मधल्या सीट्सच्या वर, छपरात तो कॅमेरा होता. मागे लेकरं झोपली की जागी आहेत, हे आईबापांना बाहेरूनही फोनवर दिसावं, यासाठी. चेतनला अजून लेकरं नव्हती. तरी ही सोय तो प्रत्येकाला दाखवायचा.

आज ती दाखवायला खास माणसं होती. बहिणीचं, धनश्रीचं, जमत आलं होतं. मुलगा कुंदन हजिऱ्याला इंजिनिअर. वडील प्रकाशराव बँकेतून निवृत्त झालेले. मुलामुलीची पसंती झाली होती. आज कुंदनचे आईवडील घरी येणार, बोलणी होणार आणि सुपारी फुटणार.

धनश्रीची अट एकच होती. इच्छापोरच्या रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी ती सोडणार नव्हती. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन लाल रंगांतला फरक ती यंत्रावर आकड्यात पकडायची. तिचा पांढरा कोट आई, कलाबाई, स्वतः धुवायची, स्वतः इस्त्री करायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

पाहुण्यांना आणायला चेतन आईला घेऊन अडाजणला गेला. कलाबाई आज पुढे बसली. गाडी घेतल्यापासून तिची जागा मधल्या रांगेत, सिनेमाच्या पडद्यासमोर असायची. मागच्या महिन्यात गावी जाताना तिने अख्खा सिनेमा पाहिला होता, तोही हेडफोन न लावता. “कान दुखतस,” म्हणाली. नुसती चित्रं बघून ती इतकी हसली की चेतनला तिची गंमत वाटली.

मधल्या सीटवर बसताच प्रकाशरावांनी पाय लांब केले. “माझी केबिन एवढी नव्हती हो.”

“काका, उजवीकडचं बटण दाबा. पाठ चेपून देते.”

“आता सूनबाईला काही कामच उरलं नाही,” कुंदनची आई शैलजाताई म्हणाल्या. सगळे हसले. कलाबाईही हसली. तिचा आवाज मोठा, गाडीत घुमला.

वाटेत घारी घ्यायची होती. चेतनने एसी आणि पडदे चालूच ठेवले, पाहुण्यांना बसवलं आणि आईला घेऊन तो मिठाईच्या दुकानात शिरला. रांग मोठी होती. त्याने फोन काढला.

“माय, इकडे देख. गाडी तिकडे, आन् आपले इथं दिसस.”

फोनवर शैलजाताई आणि प्रकाशराव. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर गाणं लागलं होतं, पण दोघं एकमेकांकडे वळून बोलत होते.

“आवाज नही शे अजून,” चेतन ओशाळून म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. मोठं करता येस का?”

आईचे डोळे थकले, असं मनाशी म्हणत त्याने चित्र मोठं केलं. कलाबाईने फोन स्वतःच्या हातात घेतला. रांग पुढे सरकली तरी तिने मान वर केली नाही. आईला गाडीतलं काहीतरी इतकं आवडलेलं पाहून चेतनला भरून आलं.

काउंटरवर तो म्हणाला, “दोन किलो.”

“अर्धा किलो बस,” मागून कलाबाई म्हणाली.

घरी चहा झाला. धनश्री समोर येऊन बसली. ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ. प्रकाशरावांनी घड्याळ पाहिलं. “मग? फोडायची ना?”

“माझं एक होतं,” धनश्री म्हणाली.

“नोकरीचं ना?” शैलजाताईंनी तिचा हात हातात घेतला. “अगं, हौसेने कर. एवढी शिकलेली सून घरात नुसती बसवायला आणतेय का मी?”

धनश्रीने सुटकेचा निःश्वास सोडला. चेतनने नारळ उचलला.

कलाबाईने ताट स्वतःकडे ओढलं.

“ताई, गाडीत तुम्ही भाऊंना वेगळं सांगितलं. सहा महिने जाऊ द्या म्हणाल्या. मग भाऊंच्या बीपीचं निमित्त करू, पोरगी आपणहून घरी बसेल. भाऊ म्हणाले, कुंदनला कळू देऊ नकोस. तुम्ही म्हणाल्या, त्याला मी बघते.”

प्रकाशराव सुपारीकडे बघत राहिले. शैलजाताईंचा हात धनश्रीच्या हातातून सुटला. त्या चेतनकडे वळल्या.

“तुम्ही पाहुण्यांना गाडीत बसवून चोरून त्यांचं बोलणं ऐकता?”

“नाही हो, काकू.” चेतनचे कान लाल झाले. त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. “नुसतं चित्र येतं. आवाज बंदच आहे, सकाळीच माणूस येऊन गेला. शब्दसुद्धा ऐकू येत नाही. तुम्ही बघा.”

त्यांनी पाहिलं. चित्रात रिकाम्या सीट्स होत्या. खरंच कसला आवाज नव्हता. मग सगळ्यांनीच कलाबाईकडे पाहिलं.

ती धनश्रीचा पदर सारखा करत होती.

“बावीस वर्षं उधन्याला कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात होते मी, ताई,” ती म्हणाली. “दोनशे मशीनच्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. तरी आम्ही बाया दिवसभर गप्पा मारायचो.”