डेल्बर्टच्या गोळ्या

“म्हणजे नाव सांगणार नाहीस?” डॉक्टर प्रूएट यांनी खुर्चीत टेकता टेकता विचारलं.

“नाही. केस सांगताना नाव सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलं आणि फसलो.”

ट्वायला हेन्सली हसली. मिसूरीच्या या डोंगराळ कोपऱ्यातला दवाखाना तीच चालवते. ती नर्स प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे पेशंट तपासते आणि औषधही स्वतःच लिहून देते. पण इथल्या कायद्याला तेवढ्याने समाधान नाही, तिच्या डोक्यावर एक डॉक्टर लागतोच. म्हणून दर गुरुवारी प्रूएट आपला पिकअप घेऊन टेकडीवरून खाली येतात, तिच्या अडलेल्या केसेस ऐकतात आणि तिची औषधं बरोबर की चूक ते सांगतात. पूर्वी ती त्यांच्याच हाताखाली साधी नर्स होती. तिला पुढे शिकायला ढकललं त्यांनीच.

आज त्यांना उशीर झाला होता. रस्त्याचं काम चाललंय, म्हणाले. ट्वायलाने बाकीचे पेशंट उद्यावर टाकले होते.

“एकच केस आहे,” ती म्हणाली. “पुरुष, पंच्याहत्तरीच्या पुढचा. बायको गेली, एकटाच राहतो. वर्षभरात विसरायला लागलाय. गॅस चालू ठेवतो, तेच तेच विचारतो. घरचे म्हणतात, स्मरणशक्तीची गोळी सुरू करा.”

“घरच्यांना गोळी हवीच असते. गोळी दिली की काहीतरी केल्यासारखं वाटतं.” डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला. “थायरॉइड? बी-ट्वेल्व्ह?”

“दोन्ही ठीक.”

“आणखी काय घेतो?”

“लघवी आवरत नाही म्हणून शहरातल्या डॉक्टरने दिलेली गोळी. आणि झोपेसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या. चिठ्ठी लागत नाही, त्यामुळे मनाला येईल तेवढ्या.”

डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. वय विसरून ते पुढे सरसावले. औषधांचा विषय निघाला की ते असेच होत.

“मग वेडे, उत्तर तुझ्या तोंडातच आहे! दोन्ही गोळ्या तोंड कोरडं करतात आणि म्हाताऱ्या मेंदूवर धुकं पसरवतात. त्यावर तू स्मरणाची गोळी दिलीस तर काय होईल? एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर. आधीच्या गोळ्या काढ. झोपेच्या हळूहळू. मग काही आठवडे थांब आणि पुन्हा तपास. औषध सुरू करायला अक्कल लागत नाही, बंद करायला लागते.”

“धुकं जाईल?”

“थोडं जाईल. सगळं जाईलच असं नाही.” मग त्यांनी डोळे मिचकावले. “डेल्बर्ट आहे ना? माझ्या कुंपणात गाडी घातली होती त्याने. शंभर टक्के डेल्बर्ट.”

“मी काही बोलले नाही.”

“बोलू नकोस. पण गाडी अजून तोच चालवतो ना?”

ट्वायलाने ग्लास पुन्हा भरून दिला. “खरा प्रश्न तोच आहे. परवा शाळेच्या बससमोर उलट्या बाजूने आला. ड्रायव्हरने वेळेवर बस वळवली म्हणून वाचले सगळे.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली.

“मुलं होती बसमध्ये?”

“भरलेली होती.”

“मग गोळ्यांचं राहू दे. किल्ली घे. आजच.”

“गाडी गेली तर तो माणूस घरात कोंडला जाईल, डॉक्टर. चर्च बंद, दुकान बंद. टेकडीवर चिटपाखरू येत नाही.”

“माहीत आहे. तरी घे.”

“त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.” ट्वायला म्हणाली.

“डेल्बर्टचे? त्याने तुला लंगडा घोडा विकला होता!” डॉक्टर खदखदून हसले, मग गंभीर झाले. “हे बघ, उपकार असतील तर तूच घ्यायला हवीस. पोलिसाने मागितली तर तो मरेपर्यंत अपमान गिळत बसेल. तुझ्याकडून घेईल.”

“आणि नाही दिली तर?”

“देईल. फोनवर सांगायचं नाही. समोर बसवायचं. त्याचं एखादं माणूस खोलीत असू दे, म्हणजे तो एकटा पडणार नाही. भाषण द्यायचं नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, हात पुढे करायचा आणि किल्ली हातावर पडेपर्यंत मागे घ्यायचा नाही. तो रागावेल. रागावू दे.”

“तुम्ही असता तरी हेच केलं असतं?”

“माझा सख्खा भाऊ असता तरी हेच. डॉक्टर म्हणून सांगतोय, वाटलं तर माझ्या नावावर घाल.”

ट्वायलाने मान हलवली.

“त्याची मुलगी आलीये,” मग ती म्हणाली. “बाहेर बसलीये.”

“वा! मग बोलाव की.” डॉक्टर थबकले. “मुलगी? डेल्बर्टला तर दोन्ही मुलगेच.”

ट्वायलाने उठून दार उघडलं. आत आलेल्या बाईचे डोळे रडून लाल झाले होते. “पप्पा,” ती डॉक्टरांना म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ट्वायलाने खुर्ची ओढली, डॉक्टरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि हात पुढे केला.