पक्का रंग

नवीनने कॅमेऱ्याची वायर उपटली. प्लाझ्मा टीव्हीचा पडदा करडा झाला. तरी फाटकाच्या सळया त्यावर दिसतच राहिल्या, फिकट; त्यांच्या अलीकडं एक धूसर आकारही.

"बघा मामा. डाग काचेवर नाही, आत बसलाय. नऊ वर्षं रात्रंदिवस एकच चित्र. दुसरं काय होणार? पुसून जायचं नाही हे."

गुंडुराव गुडघे चोळत हसले. त्यांचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. "पक्का रंग म्हण की. आमच्या आज्ज्याला जमला नाही, तो या डब्याला जमला."

"टीव्ही बदला."

"फाटक दिसतं ना? आयतु मग, झालं की."

नवीनने वायर परत लावली. अंगण आलं, तुळस आली.

तेवढ्यात शेजारच्या भीमसेनचा फोन आला. कडकोळच्या कारखान्यात बॉयलर फुटलाय, पहिल्या पाळीची माणसं आत अडकलीत. सुदीप घरी आलाय ना?

"बॉयलर फुटला?" गुंडुराव ओरडले. मुलाची पाळी तीनला सुटायची. साडेचार झाले होते.

कुसुमावती ओल्या हातांनी बाहेर आल्या. रोजच्यासारखं त्यांनी आधी पडद्याकडं बघितलं. सुदीप आल्याचं त्यांना तिथंच कळायचं.

"अहो, सुम्ने, उगाच कशाला घाबरता? ती काय स्कूटर. वाट अडवून लावलीय परत, किती सांगितलं तरी. मागं नळावर पाय धूत असेल."

गुंडुरावांनी बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "आलाय, आलाय. स्कूटर आहे दारात."

"सुदीप, चहा टाकते रे," कुसुमावतींनी मागच्या दाराकडं हाक मारली.

मागून काही आवाज आला नाही.

नवीन पडद्यासमोर उभाच होता. उन्हं कलली होती. तुळशीची सावली अंगणात लांब पडली होती. स्कूटरची पडली नव्हती.

"मामी," तो म्हणाला.

फाटक वाजलं. पडद्यावर सून दिसली, पर्स छातीशी धरून, घाईघाईनं येणारी.

"विद्याश्री पण आली. बरं झालं," कुसुमावती म्हणाल्या. "पाच कप टाकते."

विद्याश्री थांबली नाही, वळली नाही. पडद्यावरच्या स्कूटरमधून आरपार चालत ती सरळ दाराशी आली.