पाणाड्याचं मत

ग्रामसेवकांनी ठराव वाचून दाखवला. विहिरींची पातळी दरवर्षी खाली जात असल्यामुळे पुढची तीन वर्षं गावात कुणीही नवी बोअर घ्यायची नाही. शाळेच्या पटांगणात एकच गलका झाला.

"भागुजीकाका, तुम्हीच सांगा यांना! जमिनीत पाणी हाय का न्हाई?" दामोदर ओरडला. शनिवारी त्याच्याच शेतात भागुजी जागा दाखवायला जाणार होते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जिथे उभा राहील तिथे खाली पाणी आहे, असं सांगणारा पाणाड्या म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं.

भागुजी गुडघ्यावर हात टेकत उठले. "ह्या गावात म्या एकशे बारा जागा दाखवल्या. आधी ऐंशी फुटांवर पाणी लागायचं. गेल्या साली सहाशे फूट जाऊन नुसता फुफाटा उडाला. नारळ अजून उभा राहतो, पण खाली पाणी उरलेलं न्हाई. पाच वर्षं झाली, मला ठावं हाय. बोललो न्हाई, ही माझी चूक."

दामोदर मटकन खाली बसला. भागुजींनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. मग एकेक करत इतरांचेही हात वर गेले.

घरी बायकोने विचारलं, "आता लोक तुम्हाला कशापायी बोलावतील?"

"सरपंचबाईंनी उद्याच बोलावलंय," चपला काढत भागुजी म्हणाले. "जुन्या कोरड्या बोअरमधी पावसाचं पाणी सोडायचं ठरलंय. त्या कुठं कुठं बुजल्यात, ते माझ्याइतकं कुणाला ठावं?"