शिखर कुणाचं

धाकट्या मयूरचं हेच वागणं भागीबाईला खपत नसे. बातमी अर्धी वाचायची आणि गाव गोळा करायचं. आजही आपला आणि शेजारच्या देशाचा समेट झाला, एकमेकांकडे पुन्हा वकिलाती उघडणार, एवढं वाचून तो पेढे घेऊन थेट रामकुंडावर तिच्या फुलांच्या टोपलीपाशी आला.

साऱ्या मुलखाच्या अस्थी या कुंडात येतात, आणि त्यांच्यावर वाहायची फुलं भागीबाई विकते. तिचा थोरला, फौजेतला सोपान, मात्र नऊ वर्षांपासून या दोन देशांच्या वादातल्या शिखरावर बर्फाखालीच आहे. देह मिळत नाही तर पिठाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून घ्या, असं गुरुजी म्हणाले तेव्हा तिने त्यांना जागीच गप्प केलं होतं. "माझं पोर काय पिठाचं व्हतं?"

आज पहिल्यांदाच तिने टोपलीतली चांगली शेवंती विकायची थांबवली आणि वेगळी काढून ठेवली.

"मग कधी आणत्यात रे त्याला?"

मयूरने मोबाइलवर उरलेली बातमी वाचली. शिखर कुणाचं ते ठरलं नव्हतं. म्हणून दोन्ही देशांनी आपापली फौज खाली उतरवायची आणि निकाल लागेपर्यंत तिथं कुणीच पाऊल ठेवायचं नाही, असा करार झाला होता.

"शोधायलासुद्धा नाय जायचं, आई."



"भांडत व्हते तवर दोन्हीकडची पोरं तरी त्याच्या उशाला बसून व्हती, मयूर," भागीबाई म्हणाली, "तुझ्या या समेटानं आज त्याला पार एकटं टाकलं."