लाल ओळ

मागवलेल्या मालाची यायची तारीख उलटली की कारखान्यातल्या नियोजनाच्या स्क्रीनवर त्याची ओळ लाल व्हायची, आणि साहेबांना लाल अजिबात खपायचं नाही. म्हणून नियोजन सांभाळणारी ती दर शुक्रवारी बेअरिंगची तारीख आठवडाभर पुढे ढकलायची. ओळ हिरवी व्हायची आणि सोमवारची मीटिंग सुखात पार पडायची.

तिचा नवरा त्याच कारखान्यात पंप जोडायचा. बेअरिंगवाचून त्याचं काम कधीचं अडलं होतं. घरी आला की तो पुरवठादाराच्या नावानं खडे फोडायचा. तीही होला हो मिळवायची.

आज त्याच्या पाळीला नोटीस लागली, उद्यापासून घरी बसा म्हणून. तिचं डोकंच फिरलं. तिनं पहिल्यांदाच स्वतः पुरवठादाराला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं.

"अहो ताई, माल कधीचा बांधून ठेवलाय," तो म्हणाला. "पण दर शुक्रवारी तुमच्या सिस्टिमचा मेल येतो, आत्ता नको, पुढच्या आठवड्यात द्या. मध्ये तरीही पाठवून बघितला, तर तारखेआधी आला म्हणून तुमच्या गेटवरूनच गाडी परत आली."

तिनं फोन ठेवला. नवरा रिकामा डबा घेऊन दारात उभा होता.

"काय म्हणाला तो हरामखोर?"

"त्याला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली. "माणूस तारखेचा पक्का आहे."