उभ्या सायकलचा वेग

सायकलचं दुखणं ताईसारखं शोधणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा शिरस्ता.

बाबांची सायकल आमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात स्टँडवर उभी होती. ते अंथरुणाला खिळल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तरी हँडलवरचा मीटर वेग दाखवत होता.

"मीटरचं डोकं फिरलंय," मी म्हणालो.

विजेचा अडथळा नको म्हणून ताईने आधी ट्यूबलाइट बंद केली. मग ज्याच्या फेऱ्यांवरून मीटर वेग मोजतो, ते स्पोकवरचं चुंबक काढलं. शेवटी मीटरची बॅटरी काढून खिशात टाकली.

आकडा हलतच राहिला. बारा. अकरा. पुन्हा बारा.

"घाट चढतंय कुणीतरी," ताई हळूच म्हणाली. "आणि काय सुरेख चढतंय! दम राखून, जराही घाई न करता."

असा चढ आम्ही एकाच माणसाला चढताना पाहिलं होतं. दुकानामागच्या खोलीत ते डोळे मिटून पडले होते. त्यांचा श्वास तेवढा इथपर्यंत ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

आकडा तीसवर गेला. उतार लागला होता. पन्नास. उतारावर बाबा ब्रेकला हात लावत नसत, याचं लहानपणी आम्हाला कोण कौतुक! सत्तर.

खोलीतला श्वास थांबला.

"बाबा, ब्रेक!" ताई जिवाच्या आकांताने ओरडली. "ब्रेक लावा!"

आकडा झरझर उतरला. शून्य. आत श्वास पुन्हा सुरू झाला.

चाक जागचं हललं नव्हतं. ताईने ब्रेक घासतो तिथे रिमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

चटका बसला होता.