टाइपरायटरांचं माहेर

"अगं माय, ही तं माही दांडी हाये!"

कुंताबाई इतक्या जोरात बोलल्या की शेजारच्या सौरचुलीवाल्या पोरी वळून बघायला लागल्या. हर्षा दचकली. "आजी, हात नका न लावू! परीक्षक मॅडम दोन टेबलं सोडून आहेत. आमचाच नंबर येऊन राहिला."

भंडाऱ्याच्या शाळेत जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं होतं आणि हर्षाच्या टेबलावर तीन जुन्या टाइपरायटर मशिनी मांडल्या होत्या. मांडल्या कसल्या, ऐटीत बसल्या होत्या! हिरवी सानगडीच्या अर्ज लिहिणाऱ्या श्यामरावांची, राखाडी आंधळगावच्या निवृत्त मास्तरांची, काळी भंडाऱ्यातल्याच एका वकिलांची. तिघी छोट्या, पेटीत घालून हातात न्यायच्या. कंपन्या तीन, देश तीन, बटणांची घडणसुद्धा वेगवेगळी. पण ओळ संपली की डावीकडची जी दांडी ढकलायची, ती मात्र तिघींची हुबेहूब एक. विळ्यासारखा तोच बाक. टोकाला अंगठा टेकेल एवढी तीच खोलगट जागा.

आणि हे कुणाला दिसलं? हर्षाला! सहा महिन्यांपूर्वी हजेरीला जिचा आवाज फुटत नव्हता, तिने परिपाठाला अख्ख्या शाळेसमोर सांगून टाकलं होतं, "या तिघी सख्ख्या बहिणी आहेत. त्यांचं घर मी शोधलंय." एका कारखान्याची मशीन पूर्वी दुसऱ्याच्या नावानं विकली जायची, हे तिनं वाचलं होतं. मग काय! तक्त्यावर तीन लाल बाण, आणि तिन्ही थेट जर्मनीत. आज हे मॅडमना पटलं तर राज्याच्या प्रदर्शनाचं तिकीट पक्कं. नाही पटलं तर परिपाठाला तोंड कसं दाखवायचं?

कुंताबाईंना तिनंच बोलावलं होतं. म्हणजे बोलावलं होतं त्यांच्या नवऱ्याला, पुंडलिकरावांना. चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केलेला माणूस, शाईच्या फिती त्यांनीच दिल्या होत्या. सोबत बायकोही आली.

कुंताबाईंनी हिरवीच्या दांडीवर अंगठा ठेवला. शेंगेत दाणा बसावा तसा तो बसला. मग राखाडीवर. मग काळीवर.

"मेणाचा नमुना केला होता मी. हे असं दाबून," त्या म्हणाल्या. "बापाचा पितळेचा कारखाना होता न माह्या. समईचे भाग वतता वतता शिकली. मंग यायनं एक दिवस तुटकी दांडी आणली, म्हणे अशी होते का? म्हटलं, काहून नाही होत?"

हर्षानं पुंडलिकरावांकडे पाहिलं. "बाबाजी, खरं आहे?"

पुंडलिकराव खाकरले. "सायकलच्या कॅरियरवर बिनपेटीच्याच बांधून नेत हे लोकं मशिनी. कोणी बाजाराले, कोणी तहसीलले. गड्ड्यात चाक गेलं का बाहेर निंघालेली दांडीच पहिले तुटे. मंग येत माह्याकडं."

"पण सगळे तर म्हणाले, ओरिजिनल आहे!"

"मीच सांगत होतो तसं. वरतून निकेल चढवलं, आन् जर्मनीवरून मागवली म्हणून लावून देल्ली. हिनं बनवली म्हटलं असतं, तं लावू देल्ली असती का कोणी?" बायकोकडे न बघता ते बोलत होते. "आन् तू पोरी, मशीन कुठून घेतली ते समद्याईले इचारलं. कुठी दुरुस्त केली, ते इचारलं का एखाद्याले?"

नव्हतं विचारलं. तीन महिने, इतक्या गावांची धूळ, दोन वह्या भरून टिपणं, आणि एवढासा प्रश्न सुचला नव्हता! हर्षाचे कान तापले.

"चूप राय न," जोडीदारीण रीना कानात फुसफुसली. "मॅडमले काय मालूम? जर्मनी बोल अन् मोकळी हो. परिपाठाले भाषण तूच ठोकलं होतं न बाप्पा!"

तेवढ्यात मॅडम आल्याच. "हं, बोला. कुठलं मूळ शोधलंत?"

हर्षाचं तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार होतं. पण तिची नजर कुंताबाईंच्या अंगठ्यावर गेली. भाजल्याच्या जुन्या डागांचा, थोडासा वाकडा अंगठा. तीन देशांच्या कारखान्यांनी बनवलेल्या मशिनी या बाईनं भंडाऱ्याच्या गल्लीत बसून पुन्हा चालत्या केल्या होत्या. त्यांच्यावर किती अर्ज टाइप झाले असतील, किती करारनामे, किती दाखले! आणि कुणाला शंकासुद्धा आली नाही. जर्मनी काय घेऊन बसलात? हे केवढं भारी होतं!

तिनं तक्ता काढला आणि उलटा करून ठेवला.

"मॅडम, माझं चुकलं," ती म्हणाली. आवाज अगदी परिपाठासारखा खणखणीत. "तक्त्यावर जर्मनी लिहिलंय, ते चूक आहे. खरं मूळ आत्ताच सापडलं. इथंच उभं आहे. या तिन्ही दांड्या या आजींनी पितळेत ओतल्यात." आणि कुंताबाईंचा हात धरून तिनं त्यांना टेबलासमोर आणलं.

रीनानं कपाळावर हात मारला.

मॅडमनी चष्मा वर केला. एकेक दांडी वाकून पाहिली. निकेल झिजून उघडं पडलेलं खालचं पितळ पाहिलं. मग जरा परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "पण आजी, या तीन वेगळ्या कंपन्यांच्या मशिनी. एकीचा भाग दुसरीला लागत नाही. तिघींच्या दांड्या तुम्ही अगदी सारख्या कशा काय केल्या?"

कुंताबाईंनी पदर सावरला.

"कंपन्यांचं मले काय मालूम, मॅडम? बुड ज्याचं त्याचं घासून बसवलं," त्या म्हणाल्या. "साचा माह्याजवळ एकच होता."